शनिवारचा पंखा

स्वमग्न मुलांच्या केंद्रात, एका खोलीच्या दाराबाहेर सहा खुर्च्या होत्या. पहिलीवर सोळा वर्षांची ताई, चौथीवर तिचा धाकटा भाऊ; दोघंही इथे शिकायला येणारी. मधल्या दोन रिकाम्या. समोर नवी मदतनीस खेळणी पुसत होती, पण तिचे कान त्या दोघांकडे होते.

"माझी मैत्रीण आज शाळेत मधल्या सुट्टीत वर्गातल्या नव्या मुलीशेजारी बसली," ताई म्हणाली.

"मग?"

"मग काय, दगडोबा! माझी एकच तर मैत्रीण आहे. तिच्यासारखं हसायला शिकले मी, आरशासमोर उभी राहून!"

"कशाला?"

"नाहीतर ती जाईल ना. तुझ्या मित्राला दुसरा कोणी मित्र असला तर?"

"असेल. मी विचारलं नाही."

"दोन वर्षांत एकदाही?"

"आम्ही पंखे खोलतो, ताई. बोलायला वेळ कुठे असतो?"

"तुझं बरंय. तुला बघून नुसता जळफळाट होतो माझा."

"शनिवारी टेबलफॅन खोलणार आहोत. ये. स्क्रू धरायला माणूस हवाय."

"आणि हसायचं कधी?"

"हसलीस तर स्क्रू सांडतील."

ताई उठली आणि भावाच्या दिशेने सरकून पुढच्या खुर्चीवर बसली. आता दोघांच्या मध्ये एकच खुर्ची रिकामी होती.