खोली केवढी आहे?

काय सांगू तुम्हाला, गिटारला अ‍ॅम्प्लिफायर घ्यायला नगरला गेलो आणि पहिल्याच प्रश्नाला अडकलो. दुकानदार म्हणाला, "खोली केवढी आहे? त्यावर ठरतं."

आता त्याला काय सांगणार? मी काष्टीला शिकलो ते देवळातल्या भजनाच्या अ‍ॅम्प्लिफायरवर. पहिल्या दिवशी वायर खोचली, पण कळसाजवळचा भोंगा बंद करायचा राहिला. अख्ख्या गावाला माझा सराव! पुजाऱ्यांनी फैलावर घेतलं. संध्याकाळी आई मळ्यातून आली आणि म्हणाली, "कांद्याचे तीन वाफे खुरपून झाले, तरी तू हाय तिथंच. उद्या जरा म्होरं सरक."

दुसऱ्या दिवसापासून पुजाऱ्यांच्या हातापाया पडून भोंगा मुद्दाम चालू ठेवायला लागलो. ती रोज येऊन सांगायची, "आज दीड वाफ्यात जमलं बघ."

दुकानदारानं सगळ्यात मोठा अ‍ॅम्प्लिफायर लावला. "वाजवून बघा. अर्ध्या किलोमीटरवर ऐकू जाईल."

देवळापासून आमचा मळा तेवढाच लांब. मी एक तार छेडली आणि उगाच जरा थांबलो.

"मोठाच देऊ ना?"

"नको, लहान द्या," मी म्हणालो. "आई गेल्यापासून मळ्यात कुणी नसतं."