अकरा फिलिप ड्वायर

...नाही, पण मी म्हणतो, टेबलावरच्या नोंदवह्यांत अकरा फिलिप ड्वायर पसरलेत आणि ही बाई मलाच विचारतेय, "अहो, यातले माझे आजोबा कोणते?" आता बोला! शिकागोहून आलात तुम्ही, आजोबा तुमचे, मला काय विचारता? हे मनात हं! तोंडाने म्हटलं, "चहा घेणार ना?" आमच्याकडे उत्तर येत नसलं की चहा टाकतात.

तुम्हाला सांगतो, ऋषीचं कूळ आणि नदीचं मूळ विचारू नये म्हणतात ना, त्यात आमच्या टिपेररी जिल्ह्यातले ड्वायरही घाला. या डोंगरात कुठेही दगड भिरकावलात तर लागेल तो ड्वायर, आणि ओरडेल तो दुसराच ड्वायर! त्यात आमची रीत अशी, की थोरल्या मुलाला बापाच्या बापाचं नाव. म्हणजे फिलिपला पाच मुलगे असले की पाचांच्याही घरी थोरला फिलिपच. मग ओळखायचं कसं? तर टोपणनावांनी. घंटेवाले ड्वायर, बकरीवाले ड्वायर, आणि आम्ही सावकाश ड्वायर, कारण आमचे पणजोबा स्वतःच्या लग्नाला उशिरा पोचले. पण चर्चच्या नोंदवहीत सावकाश कोण लिहितो? तिथे आपले सगळे ड्वायरच!

आणि हे काम मी मागून घेतलं होतं का? छे! आमचे फादर ग्लीसन. "टिम, डेअरीतून रिटायर झालास, घरी बायको ना पोर, करतोस काय दिवसभर? त्या लोरेटाबाईंना जरा जुन्या वह्या दाखव." जरा! चार दिवस धुळीत शिंकतोय मी...

लोरेटाबाई एक्याऐंशीच्या. नवरा गेलेला, मूल नाही, एक भाऊ होता तोही गेल्या हिवाळ्यात गेला. पहिल्याच दिवशी म्हणाल्या, "मला जमीन नको, काही नको. माझं म्हणावं असं एक माणूस जिवंत भेटलं, की झालं." असं कुणी सरळ बोललं की माझी पंचाईत होते हो. मी उगाच खिडकीबाहेर बघायला लागलो. बाहेर एक गाय होती, ती माझ्याकडे बघत होती.

तर बाईंना माहिती किती? आजोबा फिलिप, अठराव्या वर्षी अमेरिकेच्या बोटीत बसले. त्यांच्या आईचं नाव ऑनोरा, घर नॉकबान वाडीत, विहिरीला लागून. बरं, अकरातून ऑनोराचा फिलिप शोधला, सापडला! बाईंनी टाळ्या पिटल्या, मीही पिटल्या. आणि मग हौस माझी दांडगी... कचेरीतून मागवलेले मृत्यूचे दाखले उघडले. फिलिप ड्वायर, आई ऑनोरा, नॉकबान. घटसर्प. वय वर्षं दोन.

बाईंनी ते तीनदा वाचलं. मग हळूच पर्स बंद केली. "आजोबा दोन वर्षांचेच गेले, तर मग मी कुणाची नात हो?"

मी म्हटलं, "थांबा, थांबा, बाई!" भराभरा बाकीचे दहा फिलिप चाळले. "हा बघा, तो गेल्याच्या पुढच्या वर्षी जन्मलेला फिलिप. आई ऑनोराच. हे तुमचे आजोबा!"

"एका घरात दोन फिलिप?"

"पहिला गेला म्हणून दुसरा. घरातलं नाव बुडू द्यायचं नाही, अशी रीत होती आमची."

तर बाई भडकल्याच! "कुठली आई असं करेल? रोज तेच नाव घ्यायचं? काळीज आहे की दगड?"

"माझी आई," मी म्हटलं.

हो, मीही दुसराच. माझ्या आधी एक टिम होता, वर्षाचा होऊन गेला. आई अंगणात उभी राहून हाक मारायची, "टिऽऽम!" मी धावत यायचो, तिच्या परकराला बिलगायचो, तरी ती क्षणभर रस्त्याकडे बघत राहायची... आणि मग मला दोनदा कुरवाळायची. दोनदा! मला वाटायचं, सगळ्यांच्या आया दोनदाच कुरवाळतात. या वेळी चहा बाईंनी ओतला. माझ्याच किटलीतून, मलाच.

मग गेलो नॉकबानला. आता आमच्याकडे अमेरिकेहून पाहुणा आला म्हटलं की लोक आधी कुंपण बघून येतात आणि मग दार उघडतात. न जाणो, वाटणी मागायला आला असला तर? विहिरीशेजारी ब्राइडी ड्वायर राहते. ती दाराच्या फटीतूनच, "ऑनोरा? कोण गं बाई ऑनोरा? आमच्यातलं कुणी अमेरिकेला गेलंच नाही! बकरीवाल्यांकडे विचारा." बकरीवाले म्हणतात घंटेवाल्यांकडे, घंटेवाले म्हणतात, "आम्हाला जरा बाहेर जायचंय." आणि चहा? चहासुद्धा विचारला नाही कुणी! टिपेररीत! सगळे ड्वायरच, आणि एकही नातेवाईक नाही. आता बोला!

बाई दगडी कुंपणावर बसल्या. "असू दे. परवा विमान आहे माझं." आणि तुम्हाला सांगतो, माझ्या तोंडून निघूनच गेलं, "मी आहे की!"

"तुम्ही? कुठल्या नात्याने?"

"ड्वायर आहे मी. कुठून तरी लागतच असणार नातं. आणि नसेल लागत, तर आता लागलं!"

बाईंनी मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि म्हणाल्या, "टिम, मफलर नीट गुंडाळ. सर्दी होईल तुला." अहोचं अरे व्हायला एवढासुद्धा वेळ लागला नाही.

तेव्हापासून दर रविवारी फोन. "जेवलास का? नुसते बटाटे? भाजी कुठाय?" साठ वर्षं मला कुणी भाजीचं विचारलं नव्हतं. चिडतो मी, पण फोनजवळच बसून असतो. आणि परवा फोन आला तो शिकागोच्या इस्पितळातून. हृदयाचं ऑपरेशन आहे, आणि जवळचं माणूस म्हणून बाईंनी एकच नाव दिलंय. माझं! मी खुर्चीत बसलो तो बसलोच. डब्लिनच्या पुढे कधी न गेलेला माणूस मी, पण शुद्धीवर आल्यावर समोर कुणीतरी घरचं नको? काढलं तिकीट.

फादरनी काय करावं? भर प्रार्थनेत जाहीर केलं! दुपारी पहिली हजर ब्राइडी, फडक्यात गुंडाळलेला केक घेऊन. "आपल्या लोरेटाला सांग, ऑनोराच्या घरचा आहे."

"का गं, तेव्हा तर 'कोण ऑनोरा'?"

"अरे, तेव्हा कुंपणाचं बघायचं होतं ना!"

मग घंटेवाल्यांचा मुरंबा, बकरीवाल्यांचं चीज, लोकरीचे मोजे, आणखी तीन केक... "आपल्या लोरेटाला दे हं!" बॅग बंद होईना. शेवटी माझे शर्ट काढले बाहेर. म्हटलं, आजारी माणसाच्या तोंडाला घरची चव लागू दे, मी जातो आपला अंगावरच्या कपड्यानिशी. काय करणार? नातेवाईक म्हणाल तर सगळे ड्वायरच... हमाल तेवढा एकटा मी!