वाचनालयाविरुद्ध माझी तक्रार

मूळचा मी कराडचा. रेल्वेच्या विधी शाखेत लागलो, बदलीवर दूर बंगाली मुलखात गार्डन रीचला आलो आणि निवृत्तीनंतर त्याच शहरात, बालीगंजात राहिलो. अन्याय दिसला की कलमासह लेखी तक्रार, हा माझा शिरस्ता. घरातलं इंटरनेटसुद्धा कंपनीच्या अटी बेकायदेशीर म्हणून मीच तोडायला लावलं.

काय सांगू तुम्हाला, त्यामुळेच माझी भाची रेवती रोज जवळच्या वाचनालयात जायची. नवरा गेल्यावर अकोल्याला दिराच्या घरात तिची बिनपगारी मोलकरीण झाली होती, म्हणून मी तिला इथे आणलं, बी.एड.ची प्रवेश परीक्षा दे, त्या घरात पुन्हा पाऊल टाकू नकोस, असं मीच बजावलं. ग्रंथपाल शुभ्रादी तिला संगणकावर ऑनलाइन वर्ग लावून देत, धडे उतरवून, छापून, शिवून फडताळात ठेवत, अडलेलं समोर बसून उलगडून सांगत.

एकदा मी ते गठ्ठे पाहिले आणि विचारलं, प्राध्यापकांचं लेखन असं सर्रास छापून वाटता? त्या हसून म्हणाल्या, मेशोमशाय, म्हणजे काका, ये तो सबके लिए है, आप भी ले जाइए. ते हसणं मला उद्धट वाटलं. घरी येऊन वाचनालयाच्या समितीला चार पानी नोटीस लिहिली, स्वामित्वहक्काचा भंग, फौजदारी जबाबदारी, प्रत पोलीस ठाण्यास. समिती भेकड, आठवड्याच्या आत संगणक बंद, गठ्ठे कपाटात, शुभ्रादी घरी.

रेवतीनं आपल्याजवळ राहिलेला एक धडा माझ्यापुढे ठेवला. मामा, पहिलं पान वाचा. लेखकानंच लिहिलं होतं, हा मजकूर कोणीही विनामूल्य छापावा, वाटावा, शिकवावा. एक ओळ न वाचल्याबद्दल कनिष्ठांचे मसुदे परत फेकणारा मी, मी ते पान उलटूनही पाहिलं नव्हतं. ती म्हणाली, मला नुसतं विचारायचं तरी होतंत.

तक्रार मागे घेतली, पत्रांवर पत्रं लिहिली. उत्तर आलं, आपण निदर्शनास आणलेल्या कलमांस अनुसरून जोखीम पत्करता येत नाही. घरी इंटरनेट जोडलं, तर रेवती म्हणाली, धडे दिसतात हो मामा, पण अडलं तर विचारू कुणाला? तोवर शुभ्रादी मुलाकडे सिलिगुडीला निघून गेल्या होत्या.

रेवती नापास झाली. पुढल्या वर्षी पुन्हा बस म्हटलं, तर म्हणाली, इथे राहून तुमच्याकडे बघवत नाही मला. गेली अकोल्याला, त्याच दिराच्या घरी.

फोन केला की म्हणते, मामा, नंतर बोलते, पोळ्या व्हायच्यात. सुखी राहा म्हणावं असं रोज वाटतं. पण तो आशीर्वाद मी कोणत्या अधिकारानं द्यावा, सांगा.