टाचांचे पांढरे सँडल

अलेक्झांड्रियाच्या ट्राममध्ये माझ्या मागच्या बाकावर आमच्या शिवणकारखान्यातल्या दोघी बसल्या होत्या. एक म्हातारी इन्साफखाला आणि दुसरी नवी लागलेली रदवा.

"पेन्शनच्या कागदावर सही केलीस का गं?"

"नाही खाला. दर महिन्याला पगारातून कापणार आणि देणार कधी, तर म्हातारपणी. मी आत्ता बावीसची आहे."

"मीही बावीसचीच होते. मालकाला म्हटलं, कापू नका, हातात द्या. त्यातून लग्नाला उंच टाचांचे पांढरे सँडल घेतले."

"मलाही तेच घ्यायचेत."

"घे की. आमची अख्खी गल्ली माझे पाय बघत होती."

"मग आता पस्तावा कसला?"

"पस्तावा नाही गं. पण सत्तरीतही काजं करत बसलेय. सुई कोण ओवून देतं मला?"

"मीच देते."

"तुला कोण देणार?"

एक थांबा गेला.

"उद्या करते सही. सँडल राहू देत."

"राहू कशाला देतेस? माझे दर ईदला पुसून ठेवलेत मी. तुझा पाय माझ्याएवढाच आहे, पहिल्याच दिवशी बघून ठेवलाय."