उकंडाभौच्या नावेचं हँडल

...अन् वरून तो मुंबईचा कंपनीवाला आमच्या उकंडाभौले विचारते कसं, 'समुद्र कोणता, सर?' आता महागाव तालुक्यातल्या माणसाले हे विचाराव का? तुम्हीच सांगा! धरण हाय ते, धरण! या काठावरून त्या काठावरची बकरी दिसते, कोणाची हाय तेबी वळखू येते... त्यात आमच्या उकंडाभौची नाव, अन् नाव म्हंजे काय, दोन माणसं बसली का तिसऱ्यानं काठावरूनच जयभीम कराव एवढी. मांगं लहानसं पेट्रोलचं इंजिन, इंजिनले एक हँडल, अन् त्या नावेले पाह्यजे होतं आटोपायलट! हसू नका. तुम्हाले सांगतो, माणूस हौसेनं आटोपायलटवर येत नाही, त्याच्यावर पाळी येते.

कसं हाय, संध्याकाळी टाकलेलं जाळं सकाळी उचलाव लागते. उचलणारा समोर वाकते, दोन्ही हातानं वढते, मासोळी सोडवते, अन् तवा मांगं कोणीतरी इंजिन हळूहळू चालवून नाव जाळ्याच्या बाजूबाजूनं न्याव लागते. जरा चुकलं का जाळं इंजिनच्या पंख्यात! तं हे मांगचं काम प्रभावतीवहिनीचं. लग्न होऊन आली तवापासून. तो समोर, ती मांगं. 'अवं, डावीकडं चालली ना!' 'जाळंच तिकडं हाय, मी का करू?' 'उजवी घे म्हटलं!' 'तुमी जाळ्याकडं पाहा, हँडलकडं मी पायतो.' असा सकाळभर पाण्यावर संसार चाले दोघाईचा. अन् पेट्रोल संपत आलं का वहिनी डबा हालवून सांगे, 'पुरे आता, परता.' का तो परतला.

मंग वहिनीचे गुडघे गेले. एक गेला असता तं भागलं असतं, दोन्ही गेले. यवतमाळचा डॉक्टर फोटो उजेडात धरून म्हणते, 'मांडी घालायची नाही, उकिडवं बसायचं नाही, नावेत तर पाय ठेवायचा नाही.' उकंडाभौ गोळ्याची चिठ्ठी हातात घेऊन बाहेर आला अन् रिक्षावाल्यालेच म्हणते, 'ते सारं खरं, पण हँडल धराले कोणीतरी पाह्यजे ना बावा!'

रिक्षावाल्यानं मीटर टाकलं.

दुसरा माणूस ठेवाव तं गावात माणूस हाय कुठी? जो हाय तो स्वतःच्या नावेत हाय, नाही तं मोबाईलमंधी हाय. मंग भौ गेला एकटा. समोर जाऊन जाळं वढे, पळत मांगं येऊन हँडल धरे, तोवर नाव भलतीकडं! पह्यल्या दिवशी जाळं पंख्यात गेलं. दुसऱ्या दिवशी पेट्रोल संपलं, धरणाच्या अगदी मधात, कारण डबा हालवणारी घरी गुडघा शेकत बसली होती ना! भौ तिथं उभा राहून गमछा हालवे, अन् काठावरच्या बायांले वाटलं, आज भौ लय खुशीत हाय, त्याईनंबी पदर हालवला. शेवटी शेजारच्या नेमसिंगनं आपल्या नावेनं वढून आणलं. अन् नेमसिंग म्हंजे कसा, मदत करीन अन् गावभर सांगीन! 'दादा, आता तुह्यानं नाही होत. इकून टाक नाव. मीच घेतो की. घरचा माणूस हाय मी.' हे घरचं माणूस!

झोप उडाली ना भौची. नाव गेली तं का कराव? वावर नाही, दुसरा धंदा येत नाही, धरणावरचा माणूस काठावर बसून राह्यला तं चार महिन्यात म्हातारा होते. त्यानं पोराले फोन केला. अश्वजित, पुण्याले हाय, कंपनीत. तो म्हणते, 'बाबा, टेन्शन नका घेऊ. दोन मशीन घ्या. एक फ्युएल मॉनिटर, पेट्रोल किती राह्यलं ते दाखवते. अन् एक आटोपायलट, हँडल आपोआप धरते. आईचं सगळं काम होते.'

फोन स्पीकरवर होता. लेकाच्या, स्पीकरवर कायले ठेवाव! अंदरून आवाज आला, 'म्हंजे मी दोन मशीन होती का रे?' अन् मंग भांडे. तुम्हाले सांगतो, भांडे घासाचा असा आवाज नसते.

पण हँडल धराले कोणीतरी पाह्यजे ना बावा! भौ निघाला यवतमाळले. मोटरपंपाच्या दुकानात गेला, म्हणे, 'पेट्रोल मोजाचं मीटर हाय का?' दुकानदार म्हणे, 'पाण्याचं हाय, ड्रिपचं. लावून पाहा. शेवटी पेट्रोलबी पातळच असते.' ट्रॅक्टरच्या दुकानात गेला, तिथला म्हणते, 'आटोपायलट? ते इमानाले असते, काका. तुमी नेमके कुठी जाऊन राह्यले?' आता का सांगाव? भौ म्हणला, 'घरी जाऊन राह्यलो.' अन् आला.

मंग अश्वजितनं मुंबईच्या एका कंपनीवाल्याशी व्हिडिओवर बोलणं लावून देलं. खाटेवर गुडघ्याले गरम पिशवी लावून वहिनी, तिच्या बाजूले भौ. तो गोरागोमटा माणूस म्हणते, 'नमस्कार सर, समुद्र कोणता?' तिथून जे सुरू झालं! 'सर, किनाऱ्यापासून किती लांब जाता?' 'साहेब, किनारा चारी बाजूनं हाय, लांब जाव कसं?' 'यात वादळाचा मोड आहे, सर.' 'बरं.' 'समोरून जहाज आलं तर सूचना देतं.' 'जहाज नाही येत, म्हशी येतात. म्हशी समजतात का त्याले?' त्या बिचाऱ्यानं कागद चाळले, म्हणे, 'म्हशींचं विचारून सांगतो.' माणूस वाईट नव्हता, पण त्याच्या गावात म्हशी नसतीन!

अन् मशीन तरी एक हाय का? एक नुसतं दिशा धरते. दुसरं आकाशातून रस्ता पाहून रेषेवर चालते. पेट्रोलवाल्यातबी दोन, एक फोनवर आलेख काढते, दुसरं नुसतं बोंबलते. भौले घाम फुटला. बायको पसंत करताना एवढा इचार नाही केला त्यानं, तवा तं एकच दाखवली होती! तो माणूस म्हणे, 'सर, जाळं सरळ रेषेत टाकता ना? मग साधं चालेल.' भौ म्हणणार 'हो', तेवढ्यात वहिनी पुढं सरकली, 'सरळ? ह्याईचं जाळं? बैल चालता चालता मुतते तसं टाकतात हे!' आता बसा. कंपनीसमोर इज्जत गेली. पण भौनं साधंच घेतलं, जिद्दीनं, अन् बोंबलणारं मॉनिटर घेतलं, म्हणे आलेख पाहाले मी का कलेक्टर हाय?

रातच्यानं वहिनी म्हणली, 'बोंबलणारंच पाह्यजे होतं तं मी का कमी होती?' अन् कूस बदलली.

तं मशीन आलं. लोखंडाचा दांडा, तो हँडलले पकडते, खाली बॅटरी. पेट्रोलच्या नळीत ते मॉनिटर. भौनं तीनदा पुसलं, नेमसिंग पाहाले आला, सारं गाव काठावर. भौ गेला, जाळ्यापाशी लावलं, बटन दाबलं अन् समोर जाऊन वाकला... अन् मांगं इंजिन किंचाळलं! घर्रर्र! काहून? कारण भौ समोर, ओलं जाळं समोर, मासोळी समोर, अन् मांगं कोणीच नाही! नावेचं नाक पाण्यात, शेपटी वर, पंखा हवेत! मशीन इमानदारीनं हँडल धरून उभं, पण ज्याचं हँडल धरलं ते इंजिनच पाण्याच्या बाहेर! पुण्याच्या इंजिनिअर पोरानं पाह्यलं नाही, मुंबईच्या कंपनीनं इचारलं नाही, भौच्या तं ध्यानातच नव्हतं का वहिनी मांगं नुसती हँडल धरत नव्हती, बसतबी होती. अन् वरून ते मॉनिटर बोंबलून राह्यलं. नेमसिंग काठावरून म्हणते, 'दादा, गिऱ्हाईक हजर हाय!'

कंपनीवाल्याले फोन लावला. तो म्हणे, 'सर, मागे वजन ठेवा. रेतीची पोती ठेवा.' सोपं काम! भौनं रेती भरली, दोन पोते मांगं ठेवले. जाळंबी जिद्दीनं सरळ टाकलं होतं. नाव सपाट. मशीन हँडल धरते, रेती दबून राह्यते, भौ जाळं उचलते. जमलं ना! घरी येऊन मोठ्या आनंदानं सांगितलं, 'प्रभे, जमलं बरं! तुह्या जाग्यावर रेती ठेवली.'

आता माणसानं एवढं खरं बोलाव का?

वहिनीच्या हातातला डाव खाली पडला. 'मशीन आणलं, म्हटलं आणू द्या. माह्या जाग्यावर रेती? लग्न होऊन आली तवापासून बसली मी तिथं, पाण्यात, थंडीत, पोर पोटात होतं तवाबी बसली, अन् आता रेती?' अन् रडली हो. भांडणारी बाई रडली का माणसानं उभं कुठं राहाव? 'सकाळी तुमी गेले का घर खाले उठते मले. भिताडाशी बोलून राह्यली मी!' भौचं तोंड एवढंसं झालं. तो खाली बसला अन् म्हणला, 'मलेबी करमत नाही गं. त्या रेतीशी का बोलू?'

दुसऱ्या दिवशी त्यानं प्लॅस्टिकच्या खुर्चीचे पाय कापले अन् ते बूड मांगं घट्ट बांधलं. डॉक्टरले कोणी सांगू नका. पाय लांब सोडून, कापसाची उशी घेऊन वहिनी बसली. रेती काठावर उतरवली. नेमसिंग गेला घरी. नाव राह्यली, जाळं राह्यलं, दोघं राह्यले, गोड झालं म्हणा. पण तुम्हाले सांगतो, पह्यले वहिनीचा एक हात हँडलवर असे, निम्मं ध्यान इंजिनात असे. आता हँडल मशीन धरते, पेट्रोल मशीन पायते, अन् वहिनीले दुसरं काम काय? सकाळभर दोन्ही हात हालवून, सारं ध्यान लावून ती भौच्या चुका काढते... अन् उतरून जाव म्हटलं, तं चारी बाजूनं पाणी!