सोमवारचा घाणा

तेल आज न्हाई मिळायचं, विरूपाक्षा — सोमवार हाय. हाव, ठावं हाय, जळकोटाहून आलास, नवं दुकान टाकलंस, गिऱ्हाईक खोळंबलं असंल. खोळंबू दे. बस त्या पेंडीच्या पोत्यावर आन् ऐक.

एक होता तेली — नाव राहू दे त्याचं — एक त्याची बायको कस्तुरा, आन् एक बैल. सोमवारी बैल जुपायचा न्हाई, महादेवाचं वाहन ते, बापजाद्यापासूनची रीत. पण नांदेडात कुण्या शेटानं हैदराबादेहून इंजनाचा घाणा आणला, आन् तेल्याची झोप उडाली. आता आपलं तेल कोण नेणार — उठता तेच, बसता तेच. तुझ्यावाणीच, बाबा. भाकर उभ्यानं. बायको बोलली तर हूं, नातू रडला तर हूं.

मग एका सोमवारी, भर दुपारी, घाणा करकरायला लागला. कस्तुरा गोठ्याकडं बघती — बैल तर बसलाय, निवांत रवंथ करून राहिला. मग घाण्याला कोण? नवरा. जू छातीला लावलेलं, आन् फिरून राहिला. घाण्यात करडईचा दाणा न्हाई, कोरडं लाकूड लाकडावर. डोळे सताड उघडे, आन् बायको दिसंना. हाका मारल्या, धोतर धरलं — त्यो फिरतोच. शेजारीण म्हणली, बाहेरचं झालं, मांत्रिक आणा.

आता बैल काय बोलून थांबतो? न्हाई. घाण्याला जुपताना डोळ्यावर बांधलेली झापड काढली की थांबतो — त्याला कळतं, सुटलो. कस्तुरानं खुंटीवरची झापड नवऱ्याच्या डोळ्यावर बांधली. एक फेरा तशीच त्याच्यासंगं चालली. मग झापड सोडली, पाठीवर थाप दिली, बैलाला म्हणती तसंच म्हणली — सुटलास, राजा. थांबला. मटकन खाली बसला. "सोमवार हाय का गं?" हाव म्हणलं मी, आन् — मी म्हणजे, कस्तुरा म्हणली. लई भिजली होती झापड, हाताचा वास जाईना… जाऊ दे.

इंजनवाल्यानं थोडं गिऱ्हाईक नेलं, थोडं राहिलं. माणूस राहिला. नातू मांडीवर घेऊन जेवतो आता. त्या घराचं भाग्य उजळलं म्हणतात, ते इतकंच — सोमवारी घाणा गप. तरी दुपार झाली की मी कान देऊन बसती. हळू बोल, आत झोपलेत ते.

आन् हात बघ तुझा, विरूपाक्षा. कवापासून वरखाली करून राहिलास. तराजू न्हाई त्यात.

जा. दुकानाकडं नको, घरी जा, बायकोकडं. ती खुंटीवरची झापड घेऊन जा तिच्यासाठी — उद्या सकाळी आणून दे, बैलाला लागंल.