माधव नगर : निरंक

अहल्याबाई : मी म्हणते मास्तर, 'निरंक' लिहिण्यात तुमचाच फायदा होता की! मी 'हो' म्हटलं असतं तर फॉर्मचं मागचं अख्खं पान भरा, डॉक्टरचा दाखला मागा, उन्हात सायकल हाणत पुन्हा चक्कर मारा. 'नाही' म्हटलं, तुम्ही पोहे खाल्लेत, चहा प्यायलात, सुटलात. आता मला कशाला दटावता?

सुहास : दटावत नाही हो काकू. मी रतलामहून इथे उज्जैनला बदलून आलेला नवा मास्तर, शाळेने गणनेला जुंपलं. कागदावर होतं ते अक्षरशः वाचलं. "घर में कोई दृष्टिबाधित?"

अहल्याबाई : तेच तर! दृष्ट लागून बाधा झालेलं कुणी घरात आहे का, असं दारात उभं राहून खणखणीत विचारलंत. आणि आत देवासची माणसं, आमच्या धाकट्या ईराला बघायला आलेली. मी काय सांगणार? म्हटलं, आमच्याकडे कुणाला दृष्ट नाही न् बाधा नाही, मी दर शनिवारी मीठमोहऱ्या ओवाळते.

सुहास : मला वाटलं, थट्टा करताय.

जयू : आणि तेवढ्यात मी येऊन तुमच्या हातात चहा दिला.

सुहास : दिलात की! बशीत थेंब सांडला नाही. मी म्हटलं, या घरात आणखी काय विचारायचं?

जयू : घर आहे हो माझं. इथे माझे पायच बघतात. देवास गेटच्या चौकात रस्ता ओलांडायला सांगा, मग कळेल. परवा ऑटो करून तिथल्या सरकारी दफ्तरात गेले होते. अपंगांना एसटीडीचे बूथ देतायत ना? बाबूला म्हटलं, भय्या, माझंही नाव घ्या. त्याने छापील आकडे काढले. "मैडम, पूरे प्रदेश की गिनती हो गई. माधव नगर, दृष्टिबाधित, निरंक. रिकार्ड में तो आपको दिखता है."

अहल्याबाई : मेला!

जयू : मी म्हटलं, आप मूँछ रखते हैं क्या? म्हणाला, क्यों? म्हटलं, दिखता तो पूछती?

सुहास : शनिवारपर्यंत दुरुस्ती करता येते. चूक माझी, असं मी लिहून देतो. मेमो मिळेल, मिळू दे. पण घरच्या मोठ्या माणसाची सही लागते. तेवढ्यासाठी आलोय.

अहल्याबाई : आणि सही केली की?

सुहास : की दुरुस्त केलेली नावं वॉर्डाच्या दफ्तराबाहेर भिंतीवर लागतात. कुणाचा आक्षेप असला तर कळावा म्हणून.

अहल्याबाई : घ्या! देवासकरांचे मामा त्याच दफ्तरात नळाचे पैसे भरायला जातात. इकडे वाचतील, तिकडे संध्याकाळच्या बसने बातमी देवासला. पुढच्या महिन्यात ईराची बोलणी पक्की होतायत, मास्तर. तेवढी होऊन जाऊ द्या.

जयू : तोवर बूथ संपतील, आई.

अहल्याबाई : बूथ पुन्हा निघतील. मुलगा रेल्वेत आहे, बाळा. तसला रिश्ता पुन्हा निघत नाही.

जयू : त्या दिवशी तुला शब्द कळला नाही, कबूल. रात्री मी समजावून सांगितला. मग इतके महिने गप्प बसलीस ती का?

अहल्याबाई : तू तरी कुठे बोललीस? देवासकर आले की हसत हसत पोहे नेत होतीस.

जयू : नेत होते. छान वाटायचं. तासभर मी पण त्यांच्यासारखीच. ते गेले की तू मीठमोहऱ्या घेऊन यायचीस, ईराला पाटावर बसवायचीस. माझ्यावरून कधी ओवाळल्या नाहीस.

अहल्याबाई : अगं, तुला कोण...

जयू : बोल ना. मला कोण दृष्ट लावणार, असंच ना? बूथ मिळू दे. मग लावतील.

सुहास : मी... मी जरा बाहेर थांबू का?

अहल्याबाई : बसा तुम्ही. जयू, देवासचा नंबर लाव.

जयू : आत्ता?

अहल्याबाई : भिंतीवर वाचण्यापेक्षा माझ्या तोंडून ऐकू देत. लाव म्हणते ना.

(जयू बोटांनी चाचपत नंबर फिरवते आणि रिसीव्हर आईच्या हातात देते.)

अहल्याबाई : हॅलो... नमस्कार, मी उज्जैनहून अहल्या. हो हो, सगळे मजेत. तुम्हाला एक सांगायचं राहून गेलं होतं. आमची थोरली, जयू... हो, चहा घेऊन येते तीच. तिला दिसत नाही. नाही, अजिबात नाही. लहानपणी ताप आला होता, त्यात... छे, घराण्यात कुणालाच नाही. ईराचे डोळे उत्तम आहेत... हो. हो, आधीच सांगायला हवं होतं, बरोबर आहे तुमचं... बरं. ठेवते.

सुहास : काय म्हणाले?

अहल्याबाई : 'कळवतो' म्हणाले.

जयू : चिडले?

अहल्याबाई : छे, फार गोड बोलले. ईराचा फोटो मामांच्या हाती परत पाठवतायत.

जयू : आई...

सुहास : काकू, सहीचं उद्या बघू. तुम्ही शांतपणे विचार करा.

अहल्याबाई : उद्या कशाला? द्या ते पेन. किंमत देऊन झाली, मास्तर. ईराने दिली. ती अजून कॉलेजातून यायचीय.